वलयधारी चतुराची ओळख

पावसाळा ओसरू लागला की आपल्या मैदानांवर चतुरांचे थवे भिरभिरू लागतात. त्यांची आपणांस इतकी सवय असते की, एका चतुरास दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्याचा प्रयत्न सहसा कोणी करीत नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र एका दुर्मिळ चतुराची अचूक ओळख फार मोलाची ठरते. ‘रिंग्ड बॉगहाँटर’ हे त्याचे नाव. शास्त्रज्ञांनी त्याचे प्रथम वर्णन १८७८ साली केले.

थंड, आम्लधर्मी दलदल हे त्याचे घर होय. तेथे स्फॅग्नम नावाचे मऊ शेवाळ गालिच्यासारखे पसरते आणि त्याचे थर साचून हजारो वर्षांत पीट तयार होते. शेवाळातील डबक्यांत या चतुराची पिल्ले वाढतात. एप्रिलच्या अखेरीस, झाडांना पुरती पालवी फुटण्यापूर्वीच, प्रौढ चतुर बाहेर पडतो. जूनच्या आरंभी तो दिसेनासा होतो. म्हणजे त्याला पाहण्यास जेमतेम सहा आठवडे मिळतात!

त्यास ओळखावे कसे? त्याची लांबी तीन ते साडेतीन सेंटिमीटर असते. ज्यास आपण शेपटी म्हणतो ते वस्तुतः त्याचे उदर. ते काळपट तपकिरी असून त्यावर नारिंगी वलये असतात. चेहराही नारिंगी असतो. पंख नितळ असून त्यांच्या मुळाशी डाग नसतो. त्याच दलदलीत वावरणाऱ्या ‘व्हाइटफेस’ चतुरांचा चेहरा पांढरा असतो व मागील पंखांच्या मुळाशी गडद डाग असतो. त्याचा सख्खा भाऊ ‘एबनी बॉगहाँटर’ काळा असतो आणि त्याच्या उदराच्या आरंभीच काय ती फिकट वलये दिसतात. यास्तव एकाच खुणेवर विसंबू नये. सर्व खुणा एकत्र पडताळाव्यात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा चतुर उबेसाठी वनातील खडकांवर व झाडांच्या बुंध्यांवर बसतो. म्हणून तो जेथे दिसला तेथेच जन्मला, असे म्हणता येत नाही. खरा पुरावा म्हणजे शेवाळावर चिकटून राहिलेली त्याची कात. ती सापडली की याच दलदलीत त्याची वीण होते, हे सिद्ध होते. मॅसॅच्युसेट्स राज्याने त्यास संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले आहे. त्यामुळे अशी नोंद त्या जागेच्या रक्षणास आधार देते. उलट, ओळखण्यात चूक झाली तर दलदल निरुपयोगी समजून बुजविली जाण्याचा धोका असतो, आणि हजारो वर्षांत साचलेले पीट माणसास पुन्हा घडविता येत नाही.