नाश्त्याच्या टेबलावरची साळुंकी

प्रश्न : मुलानं हट्टानं आम्हा दोघांना मॉरिशस फिरवून आणलं. समुद्र पाहिला, गंगा तलाव पाहिला, पण पक्ष्यांनी निराशा केली. पहिल्याच सकाळी हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर साळुंकी येऊन बसली. मग चिमण्या, होले, बुलबुल, पोपट. हे सगळं तर आमच्या सदरच्या गॅलरीतून दिसतं! हे पक्षी एवढा समुद्र ओलांडून तिथे गेले कसे? त्या बेटाचे स्वतःचे पक्षी असतात तरी कुठे? आणि आपल्या फुटाळा तलावावर येतात तसे हिवाळी पाहुणे तिकडेही येतात का?
(एक निवृत्त शिक्षिका, सदर, नागपूर)

उत्तर : बाई, तुमची नजर पक्की आहे. तुम्ही नावं लिहिलीत त्यांतला एकही पक्षी मूळचा त्या बेटावरचा नाही. आणि समुद्र त्यांनी ओलांडला तो जहाजात बसून.

साळुंकीचंच घ्या. नागपूरहून मॉरिशस सरळ रेषेत पाच हजार किलोमीटरच्या आसपास. गॅलरीतून समोरच्या कडुलिंबावर जाणाऱ्या साळुंकीच्या पंखांचं हे काम नव्हे. तिला नेलं फ्रेंचांनी, १७६२ साली, आणि चक्क नोकरीवर! बेटावर उसाचा टोळांनी फडशा पाडला होता, टोळ खायला कोणीतरी हवं होतं. कीड मारण्यासाठी एका देशातून दुसऱ्या देशात मुद्दाम प्राणी नेल्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण मानतात. त्याच उसाच्या मळ्यांवर १८३४ पासून गिरमिटिया मजूर जाऊ लागले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज तिथे गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुटी असते. म्हणजे आपली माणसं उतरली तेव्हा साळुंकीला तिथे सत्तर वर्षं होऊन गेली होती.

तुरेवाला शिपाई बुलबुल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेला. पोपट पिंजऱ्यांतून सुटले. उंदीर फार झाले म्हणून पुढे आपलं मुंगूसही नेलं. मुंगसानं उंदरांबरोबर पक्ष्यांची अंडीही खाल्ली, हे सांगायला नकोच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि खरी गोष्ट इथेच आहे. मॉरिशस हे समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीचं बेट. कुठल्याही खंडाला ते कधी जोडलेलं नव्हतं, त्यामुळे माणूस येईपर्यंत तिथे वटवाघळं सोडली तर एकही सस्तन प्राणी नव्हता. मांजर नाही, उंदीर नाही, माकड नाही. वादळात भरकटून किंवा उडत उडत जे पक्षी पोचले, त्यांना घाबरायला कोणी उरलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या असं गेल्यावर काहींनी उडणंच सोडलं. डोडो हा त्यांतलाच. तो शहामृगाचा किंवा गिधाडाचा कोणी असावा असं पूर्वी लोकांना वाटे. प्रत्यक्षात ते होतं कबूतर, दहा किलोंच्या वर वजनाचं! सेमिनरी हिल्सच्या वडावर फळं खायला येणारा हरियाल, आपला राज्यपक्षी, त्याच गोतावळ्यातला. पण जिवंत पक्ष्यांत डोडोचा सर्वांत जवळचा नातेवाईक आपल्या निकोबार बेटांवरचं निकोबारी कबूतर.

डच खलाशी १५९८ साली तिथे उतरले. डोडो खलाशांनी खाऊन संपवला असं आपण शाळेत ऐकलं, तुम्ही कदाचित शिकवलंही असेल. खरा घात केला तो जहाजांतून आलेल्या उंदीर, डुक्कर आणि माकडांनी. जमिनीवरचं घरटं त्यांना आयतंच मिळालं. डोडो जिवंत पाहिल्याची शेवटची विश्वासार्ह नोंद १६६२ ची, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याच्या दोनच वर्षं आधीची. सुरतेचं नाव उगाच काढलं नाही. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानं त्याच्या तीसेक वर्षं आधी दोन डोडो सुरतेतच पाहिले होते. आणि जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरनं काढलेलं मानतात ते डोडोचं रंगीत चित्र आज रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे.

डोडो गेला, पण सगळे गेले नाहीत. जे उरले ते हॉटेलांपासून दूर, नैऋत्येच्या ब्लॅक रिव्हर दऱ्यांच्या जंगलात आहेत. चांगलं मूळ जंगल बेटावर दोन टक्केही उरलेलं नाही; बाकी ऊस, गावं आणि तुम्ही उतरलात तसली हॉटेलं. १९७४ साली मॉरिशसच्या छोट्या ससाण्याचे जंगलात फक्त चार पक्षी माहीत होते. चार! जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी म्हणून त्याच्यावर जवळजवळ पाणी सोडलं होतं. १९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा तरुण वेल्श जीवशास्त्रज्ञ तिथे गेला. ससाणे वाचवण्याच्या कामाचा गाशा गुंडाळण्याची तयारी करायला त्याला पाठवलं होतं म्हणतात. त्यानं उलटंच केलं. ससाण्याच्या मादीनं घातलेली पहिली अंडी तो कड्यावरून काढून आणी आणि यंत्रात उबवी. घरटं रिकामं दिसलं की मादी पुन्हा अंडी घाली, ती तिची तिला. कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही आजीबाईला हा हिशेब ठाऊक असतो. ससाणे शेकड्यांत गेले. गुलाबी कबुतरं १९९० च्या सुमारास जंगलात दहाएक उरली होती, तीही आता काही शे आहेत.

पोपटाची कथा आपल्याला जरा लाजवणारी. मॉरिशसचा स्वतःचा एक हिरवा पोपट आहे, दिसायला आपल्या कंठवाल्या पोपटाचा सख्खा चुलतभाऊ. तो १९८० च्या दशकात जेमतेम डझनभर उरला होता, पुढे लाकडी पेट्यांची घरटी देऊन वाढवला. त्याच्या ढोल्या बळकावणाऱ्यांत पुढे कोण? पिंजऱ्यातून सुटलेला आपला पोपट. इथे राजभवनाच्या झाडीत तो अगदी घरचा. तिथे मात्र तो घुसखोर. पक्ष्याच्या स्वभावात फरक पडलेला नाही, फक्त झाड परक्याचं आहे. (जाता जाता : पोपट पिंजऱ्यात ठेवणं आपल्याकडेही वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हे आपल्यात अजून बऱ्याच जणांना पटलेलं दिसत नाही.)

तिसरा प्रश्न पाहुण्यांचा. येतात, नक्की येतात. पोर्ट लुईजवळ तेर रूज नदीच्या मुखाशी चिखलाची एक छोटी राखीव पाणथळ जागा आहे. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तिथे उत्तरेकडून आलेले चिखलपक्षी चोच खुपसत फिरतात. त्यांतला एक लहानसा, तपकिरी, शेपूट सतत वरखाली हलवणारा तुतवार तुम्ही आंबाझरी तलावाच्या काठावर पाहिलेला असणार. खाली वळलेल्या चोचीचा दुसरा तुतवार पार सायबेरियाच्या उत्तर टोकाला अंडी घालतो. मुंबईत शिवडीच्या चिखलातही तो दिसतो. साळुंकीला जे जमलं नाही ते हे मूठभर वजनाचे पक्षी दर वर्षी करतात, जहाजाशिवाय.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी. त्यांना तिथे ‘हिवाळी पाहुणे’ म्हणता येणार नाही. नागपूर विषुववृत्ताच्या एकवीस अंश उत्तरेला, मॉरिशस वीस अंश दक्षिणेला. आपण स्वेटर घालतो तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. त्यामुळे हे पक्षी वर्षातून दोन उन्हाळे काढतात, एक सायबेरियात आणि एक मॉरिशसला. हिवाळा त्यांच्या वाट्याला जवळपास येतच नाही.

आणि एक मूळचा पक्षी तुम्ही खरं तर पाहिला असेल. एअर मॉरिशसनं गेला असाल, तर विमानाच्या शेपटीवर लांब शेपटीचा एक समुद्रपक्षी रंगवलेला असतो. पांढरा, शेपटीत दोन लांबलचक पिसं. तो त्या बेटाचा अस्सल रहिवासी, कड्यांच्या कपारींत घरटं करतो.

मुलगा पुन्हा नेणार असेल तर त्याला एक दिवस मागून घ्या. आग्नेय किनाऱ्यावर माहेबूर गावाजवळून इल ओ एग्रेत या चिमुकल्या राखीव बेटावर होडी जाते. परकी झाडं आणि उंदीर काढून तिथे जुनं जंगल पुन्हा उभं केलं आहे, आणि गुलाबी कबूतर तिथे फांदीवर अगदी जवळून दिसतं. दुर्बीण न्या. सकाळची पहिली होडी घ्या.