पेट्रोलातील प्रक्षालक द्रव्ये आणि मोटारीचे एंजिन

चुलीवरील भांड्यास जशी काजळी धरते, तशीच मोटारीच्या एंजिनातील भागांवरही कालांतराने पुटे चढतात. ती चढू नयेत म्हणून पेट्रोलात अत्यल्प प्रमाणात काही रसायने मिसळण्यात येतात; त्यांस प्रक्षालक द्रव्ये असे म्हणतात. काही कंपन्या ही द्रव्ये नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात घालतात, त्याची जाहिरात करतात व कित्येकदा अशा पेट्रोलास अधिक दरही आकारतात. मोटारमालकाचा हा जास्तीचा खर्च सार्थकी लागतो काय, हे ठरविण्यासाठी पुटे कोठे व कशी बसतात हे प्रथम पाहिले पाहिजे.

पुटांची उत्पत्ती

काजळीची उपमा येथे थोडीच उपयोगी पडते. कारण एंजिनातील सर्वच पुटे ज्वलनातून उत्पन्न होत नाहीत. पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बन संयुगांचे मिश्रण होय. त्यांपैकी ओलेफिन वर्गातील संयुगे अस्थिर असून उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांच्या योगे त्यांपासून डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. एंजिन बंद केले की इंधनाचा प्रवाह थांबतो, परंतु धातू काही काळ तापलेलाच राहतो. या अवधीत इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकाशी उरलेले थेंब सुकून त्यांचा कठीण थर बनतो. इंजेक्टरची छिद्रे अतिशय बारीक असल्यामुळे पातळ थरानेही फवाऱ्याचा आकार बिघडतो.

दुसरी जागा म्हणजे प्रवेश-झडप. हिच्यातून हवा व इंधन सिलिंडरमध्ये शिरतात. इंधनातील डिंक आणि झडपेच्या दांड्यावरून ओघळणारे वंगण तेल यांचा तप्त झडपेवर सच्छिद्र थर जमतो. थंड एंजिन सुरू करताना हा थर स्पंजाप्रमाणे पेट्रोल शोषून घेतो. सिलिंडरला त्या क्षणी पुरेसे इंधन मिळत नाही आणि गाडी अडखळते. इंधन व हवा यांचे प्रमाण बिघडल्यामुळे धुराड्यातून बाहेर पडणारे दूषित वायूही वाढतात.

प्रक्षालकाचे कार्य

प्रक्षालकाचा रेणू द्विगुणी असतो. त्याच्या एका टोकाशी बहुधा नायट्रोजनयुक्त अमाइन गट असतो. हे टोक धातूच्या पृष्ठभागास अथवा मळाच्या कणास चिकटते. उरलेला भाग म्हणजे पेट्रोलात सहज विरघळणारी लांब साखळी होय. अशा असंख्य रेणूंनी वेढलेला मळाचा कण धातूपासून सुटतो व प्रवाहाबरोबर जाऊन जळून जातो. स्वच्छ धातूवर याच रेणूंचा पातळ पडदा बसल्यामुळे नवा मळ धरत नाही. साबणाचे कार्यही याच तत्त्वावर चालते. मात्र तेथे मळ वाहून नेणारे द्रव्य पाणी असते, येथे ते पेट्रोल असते. ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. जेथे पेट्रोल पोहोचत नाही, तेथे प्रक्षालकही पोहोचत नाही.

अमेरिकेतील अनुभव

कार्ब्युरेटर स्वच्छ राखणारे प्रक्षालकयुक्त पेट्रोल अमेरिकेत १९५४ च्या सुमारास विक्रीस आले. १९८० नंतरच्या दशकात कार्ब्युरेटरची जागा इंजेक्टरांनी घेतली आणि त्यांची छिद्रे बुजण्याच्या तक्रारी वाढल्या. त्यामुळे अधिक प्रभावी प्रक्षालकांची गरज भासू लागली. पुढे १९९० मध्ये स्वच्छ हवेविषयीच्या कायद्यात दुरुस्ती झाली व १ जानेवारी १९९५ पासून तेथील सर्व पेट्रोलात किमान प्रमाणात प्रक्षालक घालणे सक्तीचे झाले. तात्पर्य, अमेरिकेत प्रक्षालकविरहित पेट्रोल असे उरलेच नाही. प्रश्न उरला तो किमान आणि अधिक यांतील अंतराचा.

हे किमान प्रमाण पुरेसे नाही, असे काही मोटार-उत्पादकांचे मत होते. २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा व टोयोटा यांनी ‘टॉप टिअर’ नावाचा अधिक कडक दर्जा ठरविला. २०१६ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने या दर्जाचे व इतर पेट्रोल यांची तुलना प्रसिद्ध केली. सुमारे ४,००० मैलांच्या प्रवासाइतके एंजिन चालविल्यावर इतर पेट्रोलामुळे प्रवेश-झडपांवर सरासरी १९ पट पुटे बसलेली आढळली. दोहोंच्या किमतीतील सरासरी फरक मात्र गॅलनमागे केवळ ३ सेंट होता.

लाभाच्या मर्यादा

हा आकडा मोठा असला तरी त्याचा अर्थ जपून लावला पाहिजे. येथे मोजली गेली ती पुटे. एंजिनाचे आयुष्य नव्हे. एंजिन १९ पट अधिक टिकेल, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आधीच स्वच्छ असलेल्या एंजिनाची शक्तीही अधिक प्रक्षालकाने वाढत नाही.

दुसरे असे की, ऑक्टेन अंक आणि प्रक्षालन हे दोन स्वतंत्र गुण होत. ऑक्टेन अंकावरून एंजिनात ठोके न पडता पेट्रोल किती दाब सहन करील हे कळते. त्यातील प्रक्षालकाचे प्रमाण कळत नाही.

तिसरी मर्यादा एंजिनाच्या रचनेतील आहे. अनेक नव्या मोटारींत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. तेथे प्रवेश-झडपेला पेट्रोलाचा स्पर्शच होत नाही, त्यामुळे प्रक्षालक कितीही घातले तरी ती झडप धुतली जात नाही. इंजेक्टरला मात्र लाभ मिळतो. शिवाय प्रक्षालक हेही एक सेंद्रिय द्रव्य होय. काही जातींचे प्रक्षालक फार प्रमाणात घातल्यास ज्वलनकक्षातील पुटांत भरच पडते.

ग्राहकाने काय करावे

भारतातही २००२ च्या सुमारास खास पूरक द्रव्ये घातलेले पेट्रोल निराळ्या नावांनी विक्रीस आले. अमेरिकेतील आकडे तेथील पेट्रोलाचे असल्यामुळे ते येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तत्त्व मात्र तेच आहे. जास्तीचे पैसे देण्यापूर्वी ग्राहकाने तीन गोष्टी पाहाव्यात: आपल्या एंजिनात इंधन झडपेमागे फवारले जाते की थेट सिलिंडरमध्ये, दर अधिक आहे तो प्रक्षालकाबद्दल की ऑक्टेन अंकाबद्दल, आणि प्रक्षालनाचा दावा एखाद्या प्रमाणित कसोटीवर उतरला आहे काय. झडपेमागे इंधन फवारणारे एंजिन असेल आणि किमतीतील फरक अल्प असेल, तर असे पेट्रोल नियमाने वापरणे हिताचे आहे. साबणाने वस्त्र स्वच्छ राहते; विरलेले वस्त्र नवे होत नाही. प्रक्षालकाचेही तसेच आहे.