कर्करोग आणि शेजारधर्म



शरीरशास्त्राच्या पाठात आपण रोगांची कारणे, लक्षणे आणि उपाय यांचा अभ्यास करतो. परीक्षेपुरते तेवढे पुरेसे असते. परंतु रोग ज्याला होतो त्या माणसाला घर असते, मुलेबाळे असतात, शेजारी असतात आणि उद्याची चिंता असते. औषधोपचार कोणते करावेत हे ठरविणे डॉक्टरांचे काम आहे व त्यात आम्ही पडणार नाही. कर्करोग झालेल्या माणसाच्या भोवती जे लोक वावरतात त्यांचे त्याच्याविषयी कर्तव्य काय, एवढाच प्रश्न घेऊन त्याचा येथे क्रमाने विचार करू.

१. नाव आणि भय

कर्क म्हणजे खेकडा. आमच्या घरच्या कोंकणीत त्यास ‘कुर्ली’ म्हणतात व तिचे कालवण आपण आवडीने खातो. प्राचीन ग्रीक वैद्यांनी या रोगास खेकड्याचे नाव दिले. गाठीभोवती फुगलेल्या शिरा त्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या असाव्यात, असे सांगतात. लॅटिनमधून तेच नाव युरोपच्या भाषांत गेले आणि त्याचे भाषांतर होऊन आपल्याकडे ‘कर्करोग’ हा शब्द रूढ झाला. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत अशा गाठींना ‘अर्बुद’ म्हटले आहे. म्हणजे हा रोग काही आजकालचा नव्हे.

आपल्या शरीरातील पेशी ठराविक मर्यादेत वाढतात, विभागतात आणि जुन्या झाल्या की मरतात. काही पेशी ही मर्यादा सोडून बेसुमार वाढू लागतात व शरीरात इतरत्र पसरतात. त्या अवस्थेस कर्करोग म्हणतात. 2022 साली भारतात सुमारे 14 लाख लोकांना नव्याने हा रोग झाला व साऱ्या जगात सुमारे 2 कोटी लोकांना, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. तेव्हा आपल्या वाड्यावर, आपल्या वर्गातील एखाद्याच्या घरी हा रोग केव्हा ना केव्हा येणार, हे गृहीत धरूनच चालले पाहिजे.

येथे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, रोग्याला शिवल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याच्या शेजारी बसल्याने कर्करोग होत नाही. काही थोड्या प्रकारच्या कर्करोगांस विशिष्ट विषाणू कारण होतात हे खरे. परंतु त्यांचा मार्ग वेगळा आहे आणि त्यांपैकी काहींवर लसही निघाली आहे. दुसरी गोष्ट ही की, कर्करोग म्हणजे तत्काळ मृत्यू हे समीकरण आता खरे राहिलेले नाही. वेळीच ओळखलेले अनेक कर्करोग बरे होतात आणि पुष्कळ रोगी उपचारांसह वर्षानुवर्षे आपला संसार व नोकरी सांभाळून जगतात. अशा माणसांना औषधाइतकीच सोबतीची गरज असते.

२. दुःखाचे चार पदर

ही गोष्ट ज्यांनी जगाला शास्त्रशुद्ध रीतीने पटवून दिली त्या डॉ. सिसिली सॉन्डर्स या इंग्रज विदुषी होत. त्यांचा जन्म 1918 चा. त्या प्रथम परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले तेव्हा रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. आणि मरणोन्मुख रोग्यांच्या वेदनांकडे कोणी पुरेसे लक्ष देत नाही हे पाहून पुढे वैद्यकाचा अभ्यास करून 1957 मध्ये डॉक्टर झाल्या. लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडमधील एक तरुण कर्करोगाने अंथरुणास खिळला होता. परक्या देशात त्याला स्वतःचे म्हणावे असे कोणी नव्हते. सिसिलीबाई त्याच्याशी तासन्‌तास बोलत बसत. 1948 मध्ये मरताना त्याने त्यांच्या भावी रुग्णगृहातील एका खिडकीसाठी म्हणून 500 पौंड ठेवले. त्या खिडकीभोवती घर उभे राहावयास 19 वर्षे लागली. 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था उघडली आणि त्याच संस्थेत 2005 मध्ये सिसिलीबाईंनी देह ठेवला; त्यांनाही अखेरीस कर्करोगच झाला होता.

रोग्याची वेदना एकेरी नसते, तिला चार पदर असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पहिला पदर शरीराचा. दुसरा मनाचा: भीती, खिन्नता, संताप. तिसरा समाजातील स्थानाचा: नोकरी जाईल काय, कर्ज कसे फिटेल, मुलीचे लग्न कसे होईल, लोक काय म्हणतील. चौथा अंतरात्म्याचा: हे माझ्याच वाट्याला का आले, माझ्या जगण्याचा अर्थ काय? पहिल्या पदरावर डॉक्टरांजवळ गोळी आहे. उरलेल्या तिहींवर औषधांच्या दुकानात काही मिळत नाही; ते घरच्यांनी, मित्रांनी आणि शेजाऱ्यांनीच हलके करावयाचे असतात.

३. झाकली मूठ

आपल्या समाजात मात्र याच्या उलट घडते. झाकली मूठ सव्वा लाखाची, या न्यायाने घरात कर्करोग झाला की तो झाकण्याकडे आपला कल असतो. शेजाऱ्यांना ‘पोटाचे दुखणे’ म्हणून सांगितले जाते. कित्येकदा खुद्द रोग्यालाही सांगत नाहीत, आणि रोगी बहुधा सारे ओळखून असतो. मग घरातील प्रत्येक जण दुसऱ्यापासून अश्रू लपवितो व एकाच छपराखाली चार माणसे चार एकांतवास भोगतात. त्यातच ‘पूर्वजन्मीचे पाप’, ‘कोणाची तरी दृष्ट’ अशी बोलणी कानांवर आली म्हणजे रोग्याला आपणच गुन्हेगार आहोत असे वाटू लागते.

याचे एक उदाहरण आमच्या पाहण्यातील आहे. एका विद्यार्थ्याच्या आईला हा रोग झाला. कोणीतरी पसरविलेल्या गैरसमजामुळे वर्गातील मुलांनी त्याच्या डब्यातील खाणे घेणे सोडले. मधल्या सुट्टीत तो एकटाच खिडकीशी उभा राही. कोणाच्या मनात दुष्टावा होता असे नव्हे. काय बोलावे हे कोणाला कळत नव्हते, म्हणून सर्व जण त्यास टाळीत. पुढे एका मुलाने, कोणी न सांगता, रोज त्याच्यासाठी गृहपाठ उतरून ठेवण्याचा क्रम सुरू केला आणि मधल्या सुट्टीत त्याच्याच डब्यातील पोळी तोडून खाल्ली. त्याने सांत्वनाचा एक शब्दही उच्चारला नाही. आठवड्याभरात सारा वर्ग पूर्ववत् त्याच्याभोवती बसू लागला. आईचे दुखणे त्याने दूर केले नाही, परंतु मुलाचा एकांत मात्र दूर झाला.

४. त्याच वाटेने गेलेले

दुःखी माणसाला सर्वांत मोठा धीर कोण देतो? जो त्याच वाटेने जाऊन परत आला आहे, तो. 1952 साली न्यूयॉर्क येथील टेरीस लॅसर या बाईंवर स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण पुढे कसे वागावे, हात पुन्हा कसा हलवावा, कपडे कसे नेसावेत, हे सांगणारे कोणी त्यांना भेटले नाही. तेव्हा बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच अशा स्त्रियांच्या खाटेशी जाऊ लागल्या. हाताच्या व्यायामासाठी दोरी आणि चेंडू त्या सोबत नेत. परंतु खरे औषध त्या स्वतःच होत्या. त्यांना चालता-बोलताना पाहूनच रोगी स्त्रीला पुढच्या आयुष्याची खात्री पटे. हे कार्य 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्याकडे घेतले व त्याचे अनुकरण पुढे अनेक देशांत झाले.

आपल्या देशातही हे काम जुने आहे. मुंबईत परळ येथे 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्या दुःखाच्या पोटी या रुग्णालयाची कल्पना जन्मास आली. 1951 मध्ये डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली, आणि 1969 मध्ये कर्करोग्यांना साह्य करणारी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था निघाली.

५. परमुलखातील छप्पर

गोमंतक, कोंकण, बेळगाव या भागांतील कित्येक कुटुंबे उपचारांसाठी मुंबईची वाट धरतात. रुग्णालयात खाट मिळाली तरी सोबत आलेल्या माणसाने निजावे कोठे, पेज कोठे शिजवावी, हा प्रश्न उरतोच. उपचार तर महिनोन्‌महिने चालतात. गाडगेमहाराजांनी आयुष्यभर गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आज कर्करोगी व त्यांचे आप्त उतरतात. परळची नाना पालकर स्मृती समिती रुग्ण व नातेवाईक यांच्या निवासाची सोय करते. 2006 साली सुरू झालेल्या सेंट ज्यूड या संस्थेच्या केंद्रांत उपचार घेणारी मुले आपल्या आईबापांसह विनामूल्य राहतात.

अशा ठिकाणी छपराखेरीज आणखी एक गोष्ट मिळते. एका चुलीशेजारी दुसरी चूल पेटते. भाषा निराळी असली तरी केस गळलेले मूल दोघींच्याही मांडीवर असते, आणि ‘आमच्या बाळाचेही असेच झाले होते, आता तो जेवू लागला आहे’ हे एक वाक्य हातवाऱ्यांनीसुद्धा कळते.

६. केरळचा धडा

सर्वच दुखणी बरी होत नाहीत, हेही विद्यार्थ्यांनी धैर्याने समजून घेतले पाहिजे. रोग हटत नाही तेव्हा वेदना हटविणे व माणसाचा मान राखणे, यास उपशामक शुश्रूषा म्हणतात. वेदनेच्या तीव्रतेप्रमाणे पायरीपायरीने औषधे द्यावीत, अशी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये घालून दिली. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे डॉ. डिसोझा यांच्या पुढाकाराने शांती आवेदना सदन उघडले. देशातील अशा प्रकारचे ते पहिले रुग्णगृह होय. त्याची एक शाखा आपल्या गोव्यात लोटली येथे आहे.

परंतु प्रत्येक गावी रुग्णगृह कसे उभारणार? याचे उत्तर केरळने शोधले. 1993 मध्ये डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी कालिकत येथे या कामासाठी एक संस्था काढली. पुढे तिच्यातून गावोगाव शेजाऱ्यांची मंडळे तयार झाली. शिक्षक, दुकानदार, गृहिणी, विद्यार्थी अशी सामान्य माणसे थोडे शिक्षण घेऊन आठवड्यातून निदान दोन तास या कामास देऊ लागली. ती रोग्याच्या घरी जातात, विचारपूस करतात, घरात तांदूळ आहेत की नाहीत हे पाहतात, मुलांच्या शाळेची चौकशी करतात, आणि गरज पडल्यास परिचारिका वा डॉक्टर यांना घेऊन येतात. लोकांच्या लहान लहान देणग्यांवर हे काम चालते. 2008 मध्ये केरळ सरकारने या शुश्रूषेस आपल्या आरोग्यधोरणात स्थान दिले. शेजारधर्म हा आपल्याकडे पूर्वापार आहेच. केरळने त्यास शिस्त आणि शिक्षण यांची जोड दिली, एवढेच.

७. आपण काय करावे

आता हा पाठ आचरणात कसा आणावा, ते पाहू.

(अ) समाचारास जाण्यापूर्वी निरोप पाठवावा आणि थोडा वेळच बसावे. उपचारांच्या काळात रोग्याची प्रतिकारशक्ती घटते. म्हणून स्वतःस सर्दी-पडसे असल्यास जाऊ नये, व गेल्यावर प्रथम साबणाने हात धुवावेत.

(आ) ‘अमक्याचा मामा यानेच गेला’ अशा हकिकती सांगू नयेत. ऐकीव मुळ्या, काढे व गंडेदोरे सुचवून डॉक्टरांवरील विश्वास डळमळीत करू नये.

(इ) ‘काही होत नाही, धीर धरा’ असे म्हणून रोग्याचे बोलणे तोडू नये. त्यास रडावयाचे असेल तर रडू द्यावे. बोलावयाचे नसेल तर स्वस्थ बसावे.

(ई) ‘काही लागले तर सांगा’ असे मोघम म्हणण्यापेक्षा नेमके काम अंगावर घ्यावे: विहिरीचे पाणी भरणे, औषध आणून देणे, धाकट्या भावंडांना शाळेत पोहोचविणे. आमच्या बोलीत ‘कितें जाय?’ असे दोन शब्दांत विचारतात. ते विचारून उत्तराची वाट पाहावी.

(उ) शुश्रूषा करणाराही थकतो, हे विसरू नये. रात्र-रात्र जागणाऱ्या आईला दोन तास झोप मिळावी म्हणून कोणी रोग्याजवळ बसले, तर ते दान मोठे आहे.

(ऊ) रोग्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये. आपले दुखणे कोणास सांगावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार त्याचा आहे.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस पैसा लागत नाही, पदवीही लागत नाही. नववी-दहावीतील मुलाला वा मुलीला यांतील प्रत्येक गोष्ट साधण्याजोगी आहे. येत्या सुट्टीत आपापल्या वाड्यावर कोणाच्या घरी दीर्घ दुखणे आहे, याची प्रत्येकाने घरातील वडीलधाऱ्यांकडे चौकशी करावी आणि त्यांच्या अनुमतीने एखादे लहानसे काम हाती घ्यावे. काम लहान असले तरी चालेल. मात्र ते नेमाने करावे, कारण रोज संध्याकाळी दाराकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला आपल्या न येण्याचे दुःख आपल्या कल्पनेहून अधिक होत असते.