मोजदाद : खानेसुमारीपासून महाविदेपर्यंत

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकाविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज या क्षेत्रात आहेत आणि त्यांचे आईवडील आम्हांस विचारतात, “सर, पोरगा डेटाचं काम करतो म्हणतो, म्हणजे नेमकं काय करतो?” त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. आमच्या मते ‘बिग डेटा’ अर्थात महाविदा हा मुळात मोजदादीचा विषय आहे, आणि मोजदादीला जुना इतिहास आहे.

अमेरिकेत १८८० साली झालेल्या जनगणनेचे तक्ते पूर्ण होण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागला. लोकसंख्या वाढतच होती. पुढची गणना येऊन ठेपली तरी मागची संपणार नाही, अशी भीती निर्माण झाली. तेव्हा हर्मन हॉलरिथ यांनी छिद्रांकित कार्डे विजेच्या साहाय्याने मोजणारे यंत्र सिद्ध केले आणि १८९० च्या जनगणनेत सहा कोटींहून अधिक माणसांची गणना त्यावर झाली. माहिती माणसाच्या हाताच्या वेगापलीकडे गेली, की मोजण्याची रीत बदलावी लागते, हा त्यातील धडा होय.

शंभर वर्षांनंतर हीच अडचण संगणकापुढे उभी राहिली. एकच संगणक कितीही मोठा केला तरी तो पुरेना. यावरचा उपाय आम्हां शिक्षकांच्या परिचयाचा आहे. दहावीच्या उत्तरपत्रिका एकाच परीक्षकाने तपासावयाच्या ठरविल्या, तर निकाल कधीच लागणार नाही. म्हणून गठ्ठे अनेकांत वाटले जातात, प्रत्येक जण आपला गठ्ठा तपासतो आणि अखेरीस गुण एकत्र करून निकाल तयार होतो. गूगलमधील जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी २००४ साली मांडलेली ‘मॅपरिड्यूस’ पद्धत हीच : वाटून मोजणे म्हणजे मॅप, जुळवून एकत्र करणे म्हणजे रिड्यूस. याच विचारावर डग कटिंग व माइक कॅफरेला यांनी ‘हडूप’ ही सर्वांस मुक्त असलेली प्रणाली उभारली. कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यातील पिवळ्या हत्तीचे हे नाव. तिच्यात माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या सर्वसाधारणपणे तीन प्रती वेगवेगळ्या संगणकांवर ठेवतात. एखादा परीक्षक आजारी पडला तर त्याचा गठ्ठा दुसऱ्याकडे जातो, तसेच येथेही एक संगणक बंद पडला तरी काम थांबत नाही.

परंतु प्रत्येक उत्तर वर्षाअखेरच्या निकालाप्रमाणे थांबून मिळणे पुरेसे नसते. काही नोंदी रोजच्या हजेरीसारख्या त्याच क्षणी पाहाव्या लागतात. मोबाइलवरून पैसे पाठविले, की व्यवहार खरा की फसवा, हे तत्काळ ठरवावे लागते. अशा अखंड वाहत्या माहितीसाठी ‘काफ्का’, ‘स्पार्क’ यांसारख्या प्रणाली वापरतात. पहिली नोंदींचा ओघ क्रमाने पोहोचविते, दुसरी त्यावर वेगाने गणित करते.

विज्ञानातील याचे भव्य उदाहरण म्हणजे जिनिव्हाजवळील ‘सर्न’ ही संस्था. तेथे भूगर्भातील २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा समोरासमोर येतात. इतके सारे साठविणे अशक्य. म्हणून ‘सीएमएस’ या शोधकयंत्रात इलेक्ट्रॉनिक चाळणी काही मायक्रोसेकंदांत निर्णय घेऊन जास्तीत जास्त १ लाख घटना पुढे पाठविते. त्यांतून संगणकांचा ताफा सुमारे १ हजार निवडतो. म्हणजे चाळीस हजारांतील एक उरते! निवडलेली माहिती चाळीसहून अधिक देशांतील केंद्रांमध्ये वाटली जाते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांपैकी एक आहे. या परिश्रमांतूनच ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाच्या शोधाची घोषणा झाली. तीही एका यंत्राच्या भरवशावर नव्हे; ‘ॲटलास’ व ‘सीएमएस’ या दोन स्वतंत्र गटांचे निष्कर्ष जुळले तेव्हाच.

हे वर्गात सांगत असता एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, टाकून दिलेल्यातच काही नवीन असलं तर?” आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. हीच चिंता शास्त्रज्ञांनाही आहे. म्हणून आणखी पुष्कळ घटनांची निदान संक्षिप्त नोंद ठेवण्याचा मार्ग त्यांनी काढला आहे. तरीही चाळणीचा नियम आधीच कोणीतरी ठरविलेला असतो, आणि गळून गेलेले परत येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला हे दुःख ठाऊक आहे. राजांची दानपत्रे ताम्रपटांवर टिकली. ज्यांनी ती जमीन कसली त्यांची नावे टिकली नाहीत.

प्रोटॉन तक्रार करीत नाही. माणसाचे तसे नाही. आज कर्ज कोणास द्यावे, अर्ज कोणाचा बाद करावा, हेही अशाच चाळण्या ठरवू लागल्या आहेत. ज्याची नोंद झाली नाही, तो हिशेबात येत नाही. ज्याची नोंद चुकली, त्याच्यावरील अन्याय यंत्राच्या वेगाने होतो.

म्हणून या क्षेत्रातील आमच्या माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. यंत्र किती वेगाने मोजते, हे जरूर पाहा. पण काय वगळले, कोणाच्या नियमाने वगळले आणि चूक दुरुस्त करण्याची वाट ठेवली आहे काय, हेही विचारा. आणि पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी नेमके काय काम करते, असे कोणी विचारल्यास अभिमानाने सांगा : ती मोजते, आणि कोणी मोजावयाचे राहिले नाही ना, हेही पाहते.