फेस येतो का?

शिवाजीनगरात ल्युपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार, किडनीलाही धरतो) पेशंटांचा अभ्यास करायचा म्हणजे एका सकाळी दखनी, तमिळ, कन्नड आणि बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या भावसार-शिंप्यांची मराठी, सगळं ऐकायचं. इथं जे शिकले ते पुस्तकाच्या क्रमानं शिकले नाही, म्हणून खालचे आकडे फक्त मोजण्यापुरते.

१. किडनी दुखत नाही. सांधे दुखतात, केस गळतात, गालांवर लाली चढते, तोंड येतं. बायका या तक्रारी घेऊन येतात (दहा पेशंटांत नऊ बायकाच, त्याही बहुधा तरुण). लघवीचं आपणहून कुणी बोलत नाही. विचारावं लागतं: "फेस येतो का?" "झाग आता क्या?" "नोरे बरुत्ता?" आणि तेही नवऱ्याला बाहेर बसवून. लघवीची तपासणी दर भेटीला करायचीच. २४ तासांत अर्ध्या ग्रॅमहून जास्त प्रथिनं जात असतील तर बायॉप्सीचा विचार करायचा. क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होणाऱ्या डॉक्टरांची मला धास्ती वाटते. आतून चौथ्या वर्गाचा, म्हणजे गंभीर, आजार पेटलेला असतानाही तो आकडा सभ्य दिसू शकतो.

२. बायॉप्सीची परवानगी पेशंट देत नाही, घर देतं. "सुई टोचली की किडनी जाते" असं सांगणारी एखादी मावशी प्रत्येक घरात असतेच. तिलाच आत बोलवावं. सोनोग्राफीत बघत बघत सुई कशी जाते, हाती येणारा तुकडा शेवईएवढा बारीक कसा असतो, लघवीतून रक्त जाऊ शकतं म्हणून एक दिवस का ठेवून घेतो, हे तिला समजलं की बाकीच्यांना तीच पटवते. शिकागोत म्यूर्के, कार्क आणि मंडळींनी १९५७ साली बायॉप्सीच्या आधारे ल्युपसच्या किडनीचं वर्णन केलं. आज आजाराचे सहा वर्ग मानतात आणि औषध किती कडक द्यायचं ते त्यावर ठरतं. तुकडा न पाहता दिलेलं औषध म्हणजे अंदाजपंचे.

३. परक्या देशातला डोस तपासून घ्यावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची जुनी पद्धत म्हणजे दर महिन्याला सायक्लोफॉस्फमाइडचा मोठा डोस. २००२ साली युरो-ल्युपस गटानं ५०० मिलिग्रॅम, दर पंधरवड्याला एक असे सहा डोस पुरतात असं दाखवलं. एकूण फक्त ३ ग्रॅम. तरुण बाईच्या बीजकोशांसाठी हा फरक मोठा. पण त्यांचे पेशंट बहुतेक गोरे. आपल्याकडं हे चालेल का? चंडीगडच्या पीजीआयनं १०० पेशंटांवर हाच छोटा डोस मायकोफेनोलेट या दुसऱ्या औषधाशी ताडून पाहिला. २०१६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात २४ आठवड्यांनी दोन्हींचा गुण साधारण सारखाच होता. अतिगंभीर पेशंट त्यात घेतलेच नव्हते, हे मात्र लोक सोयीनं विसरतात. तरी स्वस्त औषध पुरेसं पडतं, हे घरखर्च सांभाळणाऱ्या बाईला सांगताना मला फार बरं वाटतं.

४. ऊन ल्युपसला मानवत नाही. पण सप्टेंबरात सेंट मेरी बॅसिलिकाच्या उत्सवाला भगव्या साड्यांतल्या बायका अनवाणी चालत येतात. ल्युपसवालीला "जाऊ नको" म्हणून उपयोग नसतो. छत्री, लांब बाह्या आणि पहाटेची वेळ सांगावी.

५. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सोडू देऊ नये. मार्च २०२० मध्ये कोविड टाळण्यासाठी आरोग्यसेवकांना ते घ्यायला सांगितलं गेलं आणि औषधाच्या दुकानांतून ते गायब झालं. ज्यांना ते ल्युपससाठी वर्षानुवर्षं लागतं त्या बायका दुकानं पालथी घालत होत्या.

६. संशोधनातलं सगळ्यात मोठं भोक म्हणजे पुन्हा न आलेली पेशंट. शोधनिबंधात तिच्या वाट्याला अर्धी ओळ येते. खरं पाहता स्टेरॉइडनं चेहरा सुजला म्हणून तिनं गोळ्या फेकल्या, किंवा बरं वाटलं म्हणून थांबवल्या, किंवा स्थळ आलं म्हणून घरच्यांनी कागदच लपवले. फोन भावाचा, तो उचलत नाही. म्हणून आम्ही एखाद्या मैत्रिणीचाही नंबर घेतो. घाई असते ती लग्नाची. लग्नापाठोपाठ मुलाचा विषय येतो, आणि मायकोफेनोलेट गर्भाला घातक. दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी ते बंद करून अझाथायोप्रिनवर यावं लागतं आणि दिवस राहण्याआधी सहा महिने तरी आजार शांत असावा लागतो. हे सगळं नीट जमवता येतं. फक्त लग्न ठरल्याचं आम्हाला वेळेत कळलं पाहिजे.