पडद्यावरची लहर थांबेना!

प्रश्न : अल्फारेटा, जॉर्जिया येथील एका वाचकाच्या घरी नवा डिजिटल ऑसिलोस्कोप आला आहे. लहर सारखी सरकते आणि ५ व्होल्टचे ५० दिसतात. यंत्र बिघडले का?

उत्तर : बिघाड नसावा. प्रोबवरची कळ १एक्सवर आणि चॅनेलच्या मेनूत १०एक्स असेल, तर आकडा दहापट फुगतो. दोन्हीकडे १०एक्स ठेवावे.

सरकण्याचे मूळ ट्रिगरमध्ये. त्याची पातळी लहरीच्या उंचीबाहेर गेली, की ऑटो मोडमध्ये चित्र पळत राहते. लेव्हलचा नॉब फिरवून खूण लहरीच्या मध्यावर आणली, की बहुधा चित्र जागीच थांबते. ‘ऑटोसेट’ दाबून मोकळे होण्याचा मोह नवख्यांना होतोच; त्याने चित्र मिळते, समज नाही.

सरावासाठी टाइमबेस ५ मिलिसेकंदांवर ठेवून प्रोबच्या टोकाला बोट लावावे. घरातल्या विजेची वेडीवाकडी लहर उमटते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून एक आवर्तन सुमारे सव्वातीन चौकटींचे; पुण्यात ५० हर्ट्झमुळे तेच चार चौकटींचे भरेल.

मात्र सॉकेटवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते. त्यामुळे भिंतीतल्या १२० व्होल्टच्या सॉकेटला हा प्रोब मुळीच लावू नये.