राइट बंधूंचा पाठ शिकविताना

राइट बंधूंनी यंत्र बसविले आणि विमान उडाले, एवढे सांगून हा पाठ पुष्कळदा आटोपला जातो. त्यामुळे खरी अडचण कोणती होती, हे मुलांना कळतच नाही. पंखांच्या आधारे हवेत तरंगणे जर्मनीच्या ओटो लिलिएन्थाल यांनी आधीच साधले होते. परंतु ते अंगाला झोके देऊन तोल सावरीत. १८९६ साली यान कोसळून त्यांचा अंत झाला. प्रश्न होता तो तोल राखण्याचा.

अमेरिकेतील डेटन शहरी सायकलींचे दुकान चालविणाऱ्या विल्बर राइट यांना १८९९ साली युक्ती सुचली ती ट्यूबच्या रिकाम्या खोक्यावरून. खोक्याची टोके उलटसुलट पिळता येतात. तशीच पंखांची पिळली, तर एका बाजूस उचल अधिक मिळते, दुसरीस कमी, आणि कललेले यान सावरता येते. त्याच वर्षी पतंगावर तिची परीक्षाही झाली. शिक्षकांनी दोन्ही तोंडे उघडी असलेले लांबट पुठ्ठ्याचे खोके वर्गात अवश्य न्यावे व मुलांच्या हाती द्यावे. फळ्यावरील आकृतीने हे उमगत नाही.

पुढे १९०१ साली लिलिएन्थालांच्या कोष्टकांवरून बांधलेल्या यानाने निराशा केली. तेव्हा बंधूंनी सहा फूट लांबीच्या पेटीत पंख्याने वारा सोडून सुमारे २०० लहान पंख स्वतः तपासले.

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळ चार उड्डाणे झाली. पहिले ऑर्व्हिलचे, १२ सेकंदांत १२० फूट. चौथे विल्बरचे, ५९ सेकंदांत ८५२ फूट. मुलांकडून वेग काढून घ्यावा. तो इतका थोडा कसा, असे हुशार मुले विचारतीलच. समोरून ताशी २० मैलांहून अधिक वेगाचा वारा होता, हे त्यांना सांगावे.